टांझानियाचे 'म्वालिमू' आणि शाळेचा दरवाजा



'मुअल्लिम' म्हणजे शिक्षक, हा अरबी शब्द आपल्या परिचयाचा आहे. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत त्याचाच 'म्वालिमू' झाला. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्यरेरे यांना जनता याच नावाने ओळखत असे. राजकारणात येण्यापूर्वी ते शिक्षक होते.

१९६१ साली टांगानिका स्वतंत्र झाला व १९६४ मध्ये झांझिबारशी त्याचे एकीकरण होऊन टांझानिया देश बनला. देश गरीब, जमाती शंभराहून अधिक. शाळा थोड्या, त्यांतील पुष्कळशा ख्रिस्ती मिशनच्या. त्यामुळे मुसलमान व दुर्गम भागातील लोक शिक्षणात मागे पडले होते. १९६७ च्या आरुषा जाहीरनाम्याने समता व स्वावलंबन हे ध्येय ठरले. प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून सुरू झाले. १९६९ च्या कायद्याने मिशनच्या बहुतेक शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यांची दारे सर्व धर्मीयांना खुली झाली. १९७४ मध्ये सर्व मुलांना प्राथमिक शिक्षण देण्याचा निर्णय झाला. शिक्षक अपुरे पडले, तेव्हा प्राथमिक शाळा पूर्ण केलेल्या तरुणांनाच प्रशिक्षण देऊन वर्गावर उभे केले.

पण तिजोरीचे काय? शेतकऱ्यांना एकत्र वसवण्याची 'उजामा' योजना प्रथम ऐच्छिक होती. १९७३ नंतर सक्ती आली. लाखो लोकांना घरदार सोडावे लागले. माणसाच्या मनाविरुद्ध त्याचे भले करता येत नाही, हा धडा तेथे मिळाला. त्यात दुष्काळ, तेलाची भाववाढ आणि १९७८-७९ चे युगांडाशी युद्ध. देश कर्जात बुडाला. १९८५ मध्ये न्यरेरे पायउतार झाले, पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार झाला आणि खर्चाला कात्री लागली. पालकांवर फीचा बोजा आला आणि पटावरील मुलांचे प्रमाण घसरले.

या शतकाच्या आरंभी प्राथमिक शाळेची फी रद्द होताच लाखो मुले परत वर्गात आली. वर्ग अपुरे पडले. म्हणजे शिक्षणाची आवड आटली नव्हती, अडसर पैशाचा होता. २०१६ पासून सरकारी माध्यमिक शाळांचीही फी माफ झाली.

पालकहो, विकास व समता ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. उत्पन्नाविना शाळा टिकत नाही, हे खरे. पण हात आखडता घेण्याची वेळ आली की पहिली पाटी गरिबाच्या लेकराची हिरावली जाते, हेही तितकेच खरे. देशाचा असो वा घराचा, काटकसर करताना सर्वांत शेवटी हात लावावा तो मुलांच्या शिक्षणाला. त्यातही मुलगा-मुलगी असा भेद करू नये.