लावणीची स्पर्धा आणि परीक्षणाचे निकष : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
सोलापूर जिल्ह्याचा लावणीशी असलेला संबंध उत्तर पेशवाईइतका जुना आहे. शाहीर राम जोशी (१७६२-१८१२) हे सोलापूरचे. विसाव्या शतकात बैठकीच्या लावणीत नावाजलेल्या सत्यभामाबाई या पंढरपूरच्या. बालेघाटी लावणीचे नाव ज्या बालाघाटाच्या परिसरावरून पडले असे मानले जाते, त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी बार्शी वसलेली आहे. या जिल्ह्यातील अकलूज येथे सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ १९९३ मध्ये राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासून लावणीच्या इतिहासात एक नवा प्रश्न उभा राहिला. तो म्हणजे, भिन्न प्रकृतीच्या शैलींचे परीक्षण कोणत्या निकषांवर करावयाचे?

दोन शैली, दोन मापे :
फडाची लावणी तमाशाच्या बोर्डावर, मोठ्या प्रेक्षकसमूहासमोर सादर होते. ढोलकी, हलगी, तुणतुणे यांची साथ, चाळांचा नाद आणि शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचणारा पदन्यास हे तिचे बळ होय. याउलट संगीत बारीतील बैठकीची लावणी मोजक्या रसिकांसमोर, पेटी-तबल्याच्या साथीने रंगते. कलावती बसून गाते. एकच ओळ ती पुनःपुन्हा घेते आणि दर वेळी नजरेने, भुवईने, हाताच्या हालचालीने तिचा निराळा अर्थ उलगडते. ही अदा आधी बसविलेली नसते. समोरच्या रसिकाचा प्रतिसाद पाहून ती आयत्या वेळी सुचते. यमुनाबाई वाईकर (पद्मश्री, २०१२) यांची ख्याती या अदाकारीवरच उभी होती.

स्पर्धेचा परिणाम :
स्पर्धेने लावणीला सन्मानाचा मंच दिला. स्त्रियांना कुटुंबासह लावणी पाहण्याची मोकळीक मिळाली. कोल्हाटी आदी समाजांतील ज्या कलावतींची कला समाजाने उपभोगली, पण ज्यांना प्रतिष्ठा नाकारली, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. स्पर्धेतील यशाने पार्टीचे नाव होते आणि नावाबरोबर सुपाऱ्या येतात. त्यामुळे परीक्षकांचा गुण हा पोटापाण्याशी जोडला जातो. परंतु भव्य मंच, दूर बसलेला प्रेक्षक आणि नेमून दिलेली वेळ या तिन्ही गोष्टी मुळातच फडाच्या शैलीला अनुकूल आहेत. वेग, समूहरचना व पेहराव दुरूनही दिसतात. भुवईची हालचाल दिसत नाही. ज्याला गुण मिळतात तेच पुढील पिढी शिकते. म्हणजेच स्पर्धा कलेची केवळ पारख करीत नाही, तर तिला घडविते आणि काही अंशी घटवितेही.

टँगोचे उदाहरण :
हाच पेच अर्जेंटिनातील टँगो नृत्यापुढेही होता. ब्युनोस आयर्स येथे २००३ पासून होणाऱ्या जागतिक स्पर्धेत 'पिस्ता' व 'एसेनारियो' असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. एसेनारियो म्हणजे रंगमंचीय टँगो. त्यात आधी बसविलेली रचना, उड्या व कसरतीही चालतात. पिस्ता विभागात मात्र अनेक जोड्या एकाच वेळी नाचतात, संगीत आयोजक ठरवितात आणि ते चालू असेपर्यंत जोडीदारांनी आलिंगन सोडावयाचे नसते. येथे पारख होते ती चाल, संगीताची जाण आणि उत्स्फूर्तता यांची. जवळिकीची शैली दिखाऊ शैलीच्या मापाने मोजली जाऊ नये, हे तत्त्व तेथे नियमातच उतरले आहे.

निष्कर्ष :
लावणीच्या संदर्भात या उदाहरणाचे मोल मोठे आहे. बैठकीच्या लावणीचा स्वतंत्र विभाग, लहान सभागृह, प्रेक्षकांच्या निकट बसलेले परीक्षक आणि आयत्या वेळी दिलेल्या ओळीवर अदा करण्याची अट, एवढ्या व्यवस्थेनेही तिच्या मूळ गुणांना न्याय मिळू शकेल. जुन्या बैठकीतील जाणता रसिक फर्माईश करीत असे, तेव्हा तोही एक प्रकारचा परीक्षकच होता. मात्र त्या बैठकीत कलावतीचा मान दौलतजाद्याच्या पैशाशी बांधलेला होता. आजच्या परीक्षणात त्या रसिकाची जाण यावी, पण ते जुने बंधन येऊ नये. निकष ठरविणाऱ्यांची खरी जबाबदारी ती हीच.