लोणारची गोड धार आणि आपलं सांडपाणी

आज आपण बुलडाणा जिल्ह्यात, लोणारला आलोय. उल्केमुळे तयार झालेलं सरोवर तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. मी मात्र बोलणार आहे काठावरच्या गोमुखाच्या धारेबद्दल.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'मध्ये या जागेची नोंद केली. इथे काच आणि साबणासाठी लागणारा माल मिळतो, आणि डोंगरात बैलाची आकृती कोरलेला झरा आहे, असं तो लिहितो. म्हणजे वर गोडं पाणी, खाली खारं.

आता गंमत बघा. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या या खड्ड्यात पाणी येतं, पण बाहेर पडायला वाटच नाही. ते फक्त वाफ होऊन जातं. मीठ मागेच राहतं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेही पातळी घटून खारटपणा वाढला आणि त्यात तगणारे सूक्ष्मजीव फोफावले म्हणून. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेलं.

अशा बंद खड्ड्यात शहराचं सांडपाणीही उतरत राहिलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. मला वाटतं, प्रश्न फक्त घाणीचा नाही. हेच पाणी शुद्ध करून झाडांना, शेतीला दिलं, तर दुष्काळात तेवढंच गोडं पाणी पिण्यासाठी वाचतं.

तुमच्या गावाचं सांडपाणी कुठे जातं? उद्या जरा नाल्यामागे चालत जाऊन बघाच. भेटू पुढच्या भागात!