पावावरची चकाकी

गेल्या महिन्यात एका रविवारी माझ्या हातून एक चूक झाली, आणि तिचा माग काढता काढता मी थेट १८३९ सालच्या पॅरिसमध्ये जाऊन पोचलो.

झालं असं. सोमवार ते शुक्रवार कोडमधले बग काढायचे आणि विकांताला घरी पाव भाजायचा, असा हल्ली माझा क्रम आहे. पाव फुगतो छान, आतून जाळीही पडते, पण वरून दिसतो कसा, तर नुकताच तापातून उठल्यासारखा. पांढुरका आणि निस्तेज. एका पुस्तकात उपाय सापडला: ओव्हनमध्ये घालण्याआधी फेटलेलं अंडं ब्रशने लावा. लावलं. पंधरा मिनिटांनी काचेतून डोकावलो तर पाव चिंचेने घासलेल्या तांब्यासारखे लखलखत होते! त्याच आनंदात बशी घेऊन आजीकडे गेलो. आजी चौऱ्याऐंशीची. तिने अर्धा पाव चहात बुडवून खाल्ला आणि कौतुकाने विचारलं, "वर तूप लावलंस का रे? किती चमकतोय!"

आजीने जन्मात अंडं खाल्लेलं नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण अंडं पिठात घातलं नव्हतं ना, म्हणून डोक्यातच आलं नाही. वरचा तो थर माझ्या लेखी पदार्थ नव्हताच, नुसता रंग होता.

"हो, तूपच" म्हणून वेळ मारून नेता आली असती. एक क्षणभर तो विचार आलाही. पण सांगितलं. आजीने उरलेला पाव बशीत ठेवला, उठून चूळ भरली आणि एवढंच म्हणाली, "आधी सांगायचंस रे." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी ठरवलं की ही चकाकी मुळात येते कुठून ते शोधायचं. अंड्याशिवाय ती मिळणारच नाही का?

तर इतिहास असा. पाकात अंडं वापरणं फार जुनं. रोमन लेखक थोरला प्लिनी (हाच तो, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेला) आपल्या ग्रंथात लिहितो की काही लोक पावाचं पीठ अंड्यात किंवा दुधात मळतात. पण वरून लावण्यामागची हौस खरी दिसते ती मध्ययुगीन युरोपात. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास पाककृतींचा जो संग्रह केला, त्यात मांसाच्या गोळ्यांना वरून लेप देऊन 'सोन्याचे' करायची कृती आहे. अंड्याचा बलक आणि केशर ही त्या काळची सोनेरी रंगाची साधनं. फ्रेंच बेकर आजही पावावर लावायच्या अंड्याला 'दोर्‍यूर' म्हणतात, म्हणजे चक्क सोन्याचा मुलामा. थोडक्यात, हा थर आधीपासूनच दिखाऊपणाचा. ज्याच्याकडे अंडं उधळायची ऐपत, त्याचा पाव सोन्याचा.

मग गरिबाचा पाव चमकायचा नाही का? इथे गोष्टीत येतो ऑगस्ट झांग. हा माणूस बेकर नव्हताच. व्हिएन्नाचा, तोफखान्यातला माजी अधिकारी. १८३८-३९ च्या सुमारास त्याने पॅरिसमध्ये ९२, रू द रिशेल्यू या पत्त्यावर 'बुलांजरी व्हिएन्वाज', म्हणजे व्हिएन्ना पद्धतीची बेकरी उघडली. तिथे मिळणारे चंद्रकोरीसारखे 'किप्फेल' पॅरिसकरांना इतके आवडले की त्यांच्या नकला निघाल्या आणि त्यातूनच पुढे क्रोसाँ आला. (१६८३ च्या तुर्की वेढ्यात बेकरांनी क्रोसाँ शोधला, किंवा मारी आंत्वानेतने तो माहेराहून आणला, या गोष्टी तुम्हीही वाचल्या असतील. दोन्हींना समकालीन पुरावा नाही. झांगला आहे.)

पण झांगची खरी करामत आकारात नव्हती, भट्टीत होती. त्याने वाफेची भट्टी आणली आणि तिचं पेटंटही घेतलं. वाफ कशी, तर भट्टीत ओलं गवत! शिवाय व्हिएन्नाच्या भट्टीचा तळ उतरता आणि तोंड खाली असे, त्यामुळे वाफ वरच्या घुमटात कोंडून राही. या भट्टीतून निघालेला पाव वरून काहीही न लावता चमकायचा.

यामागचं गणित मला फार आवडलं. गार पीठ भट्टीत गेलं की वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. पृष्ठभाग लगेच सुकत नाही, त्यामुळे पाव फुगायला वाव मिळतो. आणि साधारण ६० ते ७० अंशांना त्या ओल्या थरातला स्टार्च फुलून त्याची चक्क खळ होते. आपण सुती कपड्याला लावतो ना, तीच. पुढे वाफ संपली की ही खळ सुकून काचेसारखा पातळ थर राहतो. कडक इस्त्रीचा सदरा का चमकतो? तसाच पाव चमकतो. घरच्या ओव्हनमधून वाफ निसटून जाते, म्हणून माझा पाव आजारी. २००६ साली न्यूयॉर्कच्या जिम लेही या बेकरची झाकणाच्या जड भांड्यात पाव भाजायची पद्धत गाजली, तीही हीच युक्ती: पावाची स्वतःची वाफ झाकणाखाली कोंडायची.

झांगने मात्र १८४८ मध्ये व्हिएन्नाला परतून 'दी प्रेस' नावाचं दैनिक काढलं, आणि पुढे बँक नि खाणींमध्येही भरपूर पैसा केला. आजच्या भाषेत, यशस्वी एक्झिट घेतलेला फाउंडर!

आता चकाकीचा उलगडा झाला. तपकिरी रंगाचं काय? त्याचं उत्तर १९१२ मध्ये लुई कामिय माय्यार या फ्रेंच वैज्ञानिकाने दिलं. प्रथिनांचे घटक म्हणजे अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली की तपकिरी रंग येतो. या क्रियेला आज त्याचंच नाव आहे. अंडं लावल्यावर रंग का येतो, तर पृष्ठभागावर प्रथिनं वाढतात म्हणून. पांढऱ्याने चकाकी जास्त, बलकाने रंग जास्त. दूध लावलं तर त्यातली प्रथिनं आणि दुधाची साखर मिळून रंग चांगला येतो, पण चमक बेताची. भाजून झाल्यावर लोणी लावलं तर वरचा पापुद्रा मऊ पडतो.

ही क्रिया अल्कलीत जास्त वेगाने होते. जर्मन प्रेट्झेल इतका गडद दिसतो तो यामुळेच, भाजण्याआधी त्याला सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणातून काढतात. बव्हेरियात दंतकथा अशी की १८३९ मध्येच म्युनिकच्या एका बेकराने साखरपाण्याऐवजी चुकून भांडी साफ करायचं क्षारपाणी लावलं, आणि चुकीचं सोनं झालं. (माझ्या चुकीचं मात्र झालं नाही.)

म्हणजे अंडं दोन कामं करतं: चमक आणि रंग. चमक खळीने येते, रंगाला क्षार मदत करतो. दोन्ही एकत्र कोणी केलीत का? केलीत की! इराणी लोकांनी. त्यांच्या नान-ए-बारबरीवर भाजण्याआधी एक लेप फासतात, त्याला 'रूमाल' म्हणतात. कृती अगदी सोपी: अर्धा कप पाण्यात दोन चमचे मैदा आणि चिमूटभर खायचा सोडा घालून दाटसर होईपर्यंत शिजवायचं, गार करायचं, ब्रशने लावायचं. ना अंडं, ना दूध.

पुढच्या रविवारी पाव घेऊन आजीकडे गेलो. या वेळी बशी ठेवायच्या आधीच म्हणालो, "वर मैद्याची खळ लावलीये, सोडा घालून. बाकी काही नाही."

"खळ? धोतराची?" आजी हसली. मग बोलत बसली. तिच्या लहानपणी कोकणात सांगायचे म्हणे, विहिरीत पाव टाकून अख्खं गाव बाटवलं. मला १८९० चं पुण्याचं पंचहौद मिशनचं प्रकरण आठवलं. तिथे चहा-बिस्किटांच्या कार्यक्रमाला टिळक-रानड्यांसारखी मंडळी हजर होती, आणि गोपाळराव जोश्यांनी ते जगजाहीर केल्यावर प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. पूर्वी हे सगळं वाचताना मला हसू यायचं. सोवळ्यातल्या जातिभेदाचा कैवार मला आजही घ्यायचा नाही. पण दुसऱ्याने भाजलेलं खाताना माणूस आतला आणि वरचा, दोन्ही थर विश्वासावर खातो, हे मात्र खरं. २००१ मध्ये आपल्याकडे पाकिटांवरच्या हिरव्या ठिपक्याचा नियम आला. नातवाच्या बशीवर ठिपका नसतो.

आजीने पाव उलटसुलट करून पाहिला, एक तुकडा मोडला, चहात बुडवला.

"सोडा जरा जास्त झालाय," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.

असो. पुढच्या वेळी अर्धीच चिमूट.