पांडू, सखाराम आणि दया

१९७५ साली अमेरिकेत ‘स्टार्स्की अँड हच’ ही मालिका सुरू झाली. साध्या वेशातले दोन पोलीस, एक उतावळा, दुसरा थंड डोक्याचा. दोघांच्या बुडाखाली पांढरा पट्टा मारलेली लालभडक फोर्ड. त्याच वर्षी महाराष्ट्रात ‘पांडू हवालदार’ लागला. इथेही पोलीस दोन आणि स्वभाव दोन टोकांचे, पण हवालदाराला फोर्ड कोण देणार? दादा कोंडक्यांचा पांडू सरळमार्गी, तर अशोक सराफांचा सखाराम हात ओले करून घेणारा. मधे उषा चव्हाणांची केळेवाली पारू. दिग्दर्शक म्हणून दादांचा हा पहिला चित्रपट, आणि अशोक सराफ हे नाव घरोघरी पोचलं तेही इथूनच. त्या काळात सराफ स्टेट बँकेत नोकरीला होते.

अमेरिकन जोडी स्वभावांच्या फरकावर चालते, हुद्दा दोघांचा सारखाच. आपल्याकडची गंमत मात्र बहुतेक वेळा हुद्द्यातून येते. साहेब कितीही चुकला तरी त्याला हसायची सोय नाही; हसू खर्ची पडतं ते हवालदाराच्या खात्यावर. याचं मूळ सिनेमात नाही, वगात आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये राजा आहे, प्रधान आहे आणि कोतवालाच्या रिकाम्या जागेवर डोळा ठेवून बसलेला हवालदार आहे. साठच्या दशकात हे लोकनाट्य दादांनी रंगभूमीवर गाजवलं. बढतीसाठी झुरणारा आणि मैनावतीपायी वेडावलेला तो हवालदार नसता, तर पांडू इतक्या सहज पडद्यावर आला असता असं वाटत नाही.

पडद्यावर आला तो रस्त्यावरही उतरला. मुंबईत शिपाई-हवालदाराला ‘पांडू’ म्हणण्याची खोड या चित्रपटाने पक्की केली, आणि पोलिसांना ती आजही झोंबते. झोंबणारच. दादांचा पांडू प्रामाणिक होता, हे नाव घेणाऱ्यांच्या ध्यानात कुठे राहिलं?

१९८७च्या ‘दे दणादण’मध्ये महेश कोठाऱ्यांनी ही उतरंड तशीच ठेवली आणि तिला मारामारीची जोड दिली. कोठारे स्वतः अधिकारी, लक्ष्मीकांत बेर्डे हवालदार. हवालदाराच्या अंगात अचाट शक्ती येते, पण लाल रंग दिसला की ती गळून पडते. म्हणजे ताकद खालच्या माणसाला दिली, तीही अशी की भर चौकात सिग्नल लागला तरी पंचाईत! पुढे ‘झपाटलेला’त (१९९३) कोठारे पुन्हा इन्स्पेक्टर झाले आणि लक्ष्या पुन्हा घाबरगुंडी उडालेला.

छोट्या पडद्यावर १९८५च्या ‘करमचंद’ने गाजर खाणारा गुप्तहेर आणि भाबडी किटी अशी जोडी आणली, पण ते खासगी प्रकरण होतं. खाकीची खरी वाट मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ने पाडली. नाव पोलिसांना बोलावण्याच्या क्रमांकावरून, गोष्टी खऱ्या गुन्ह्यांवरून, दिग्दर्शन बी. पी. सिंग यांचं आणि काम शिवाजी साटमांचं. साटमही मूळचे बँकवाले, सेंट्रल बँकेतले. पडद्यावरच्या पोलिसांची भरती बँकांनीच करावी, असा हा योग.

हीच जोडी जानेवारी १९९८मध्ये ‘सीआयडी’ घेऊन आली. मालिका हिंदी, पण एसीपी प्रद्युम्न, डॉ. साळुंखे ही मंडळी मराठी घरांनी आपलीच मानली. दया झालेले दयानंद शेट्टी थाळीफेकीतले खेळाडू. अभिजीत झालेले आदित्य श्रीवास्तव या मालिकेत आधी गुन्हेगार म्हणून झळकले होते. दार बंद असतं. प्रद्युम्न हवेत बोटं फिरवतात, हुकूम देतात. दया दोन पावलं मागे सरतो आणि दार आत कोसळतं. कडी वाजवून पाहावी, असं क्वचितच कुणाला सुचतं. दया-अभिजीत ही बरोबरीची जोडी, स्टार्स्की-हचच्या जवळ जाणारी. पण विनोदाची वेळ आली की मालिका दोघांनाही मोकळं सोडते आणि ते काम फ्रेडरिक्सवर ढकलते. फ्रेडरिक्स साकारणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३मध्ये गेले. त्यांनी मालिकेचे काही भाग लिहिलेही होते. २००४मध्ये १११ मिनिटांचा एक भाग कुठेही न थांबता एकाच शॉटमध्ये चित्रित करण्याचा विक्रमही याच मालिकेचा.

मालिकेतली सीआयडी कुठल्याही गुन्ह्यावर थेट पोचते; खऱ्या प्रकरणाला मात्र पोलीस ठाण्याची हद्द असते. चेंबूरपलीकडच्या माहुलचं उदाहरण घ्या. एका बाजूला खाडी आणि कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने. इथे काही घडलं तर प्रकरण जातं आरसीएफ पोलीस ठाण्यात. ठाण्याचं नावच मुळी खतकारखान्यावरून. तिथे प्रद्युम्न भेटत नाहीत. भेटतो तो टेबलामागचा हवालदार, आणि त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच: घटना नेमकी कुठे घडली?

या टेबलामागच्या माणसाकडे मालिकेने नीट पाहायला २०१९ उजाडलं. सारंग साठ्ये आणि अनुषा नंदकुमार यांच्या ‘पांडू’ या वेबमालिकेत सुहास शिरसाट आणि दीपक शिरके मुंबईचे दोन हवालदार झाले. नाव तेच ठेवलं, साहेबांना मात्र बाजूला बसवलं. दोन वर्षांनी विजू माने यांनी भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांना घेऊन त्याच नावाचा चित्रपट केला, आणि दादांची जुनी जोडी नव्या गणवेशात पुन्हा गस्तीवर निघाली.