टेनिस न खेळता टेनिस एल्बो

२००४ साली सचिनच्या कोपरामुळे आपल्याकडे घराघरांत एक शब्द पोचला: टेनिस एल्बो. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया होईतो कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा त्यावर मत देऊ लागला होता.

गंमत म्हणजे या दुखण्याची वैद्यकातली पहिली नोंद टेनिसवाल्यांची नाहीच. १८७३ मध्ये रुंगे या जर्मन डॉक्टरने ते मांडलं, ते लिहिणाऱ्यांच्या हाताला येणाऱ्या पेटक्यांबद्दलच्या लेखात. लॉन टेनिसचं पेटंट मेजर विंगफील्डने घेतलं १८७४ ला! पुढे १८८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेन्री मॉरिसने 'लॉन टेनिस आर्म' असं लिहिलं आणि नाव चिकटलं ते साहेबांच्या खेळाचं. लिहिणारे राहिले बाजूला.

आमच्या आत्याला डॉक्टरांनी हेच निदान सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "मग विंबल्डनला कधी निघायचं?" सगळे हसले, आत्याही हसली. (नातेवाइकांपैकी कुणी वाचत असेल तर त्यांना आठवेल.) आत्या डबे करायची. रोज शंभराच्या आसपास पोळ्या, वर हाताने पिळलेल्या चादरी. लाटताना, पिळताना मूठ आवळलेली आणि मनगट ताणलेलं. हा सगळा ताण येतो कोपराच्या बाहेरच्या हाडाशी, जिथे मनगट उचलणाऱ्या स्नायूची कंडरा बांधलेली असते. डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली. दिवसभर करता काय, हे मात्र विचारलं नाही.

हा प्रश्न काही नवा नाही हो. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनीने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना बजावलं की हिप्पोक्रेटिसच्या प्रश्नांत एकाची भर घाला: तुमचा धंदा काय? १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवरही लिहिलं. सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण, ही त्याने दिलेली तीन कारणं. आजच्या कुठल्याही कम्प्युटरवाल्याला पटतील. त्यात एका लेखनिकाची हकिगत आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्या हाताने लिहायला शिकला. काही दिवसांनी डावाही गेला.

बरं, दाह म्हणून ज्यावर वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या, तो तरी खरा होता का? १९७९ मध्ये निर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन सर्जननी शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरा तपासल्या. दाहाच्या पेशी जवळपास नव्हत्याच. होते ते झिजलेले, विस्कटलेले धागे. असे धागे सावकाश भरतात, गोळीने भरत नाहीत.

आत्याने मात्र विश्रांतीचा आपल्यापुरता अर्थ लावला होता. ती डाव्या हाताने कणीक मळू लागली होती.