सामाजिक अनुपालन : अधिस्वीकृतीतील विलंबाच्या तक्रारी

बालमजुरी, सक्तीचे काम, कामाचे तास, वेतन, संघटनेचे स्वातंत्र्य, आरोग्य व सुरक्षितता या बाबी तपासून कारखान्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना स्वतःलाही वरच्या संस्थेची मान्यता मिळवावी लागते. या मान्यतेस अधिस्वीकृती म्हणतात. ती मिळण्यास, तिचे नूतनीकरण होण्यास किंवा तिची कक्षा वाढण्यास उशीर झाला, तर प्रमाणन संस्था तक्रार करतात. क्वचित प्रमाणपत्रासाठी खोळंबलेले कारखानेही करतात.

या क्षेत्रातील परिचित मानक म्हणजे ‘एसए ८०००’. न्यूयॉर्कच्या सोशल अकाउंटेबिलिटी इंटरनॅशनल या संस्थेने ते १९९७ मध्ये आणले. २०१४ पर्यंत त्याच्या चार सुधारित आवृत्त्या निघाल्या. प्रमाणन संस्था पारखण्याचे काम आधी याच संस्थेच्या एका विभागाकडे होते. २००७ मध्ये त्यातून सोशल अकाउंटेबिलिटी अ‍ॅक्रेडिटेशन सर्व्हिसेस (सास) ही वेगळी संस्था झाली. मानक लिहिणारा, प्रमाणपत्र देणारा आणि देणाऱ्याला तपासणारा हे तिघे वेगळे असावेत, हा त्यामागचा विचार. अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थांसाठी ‘आयएसओ/आयईसी १७०११’ हे आंतरराष्ट्रीय मानक असून त्याची प्रचलित आवृत्ती २०१७ ची आहे. भारतात प्रमाणन संस्थांना अधिस्वीकृती देणारी एनएबीसीबी हेच मानक पाळते.

उशीर नेमका कुठे होतो हे कळल्याशिवाय तक्रारीचा निवाडा होत नाही. अर्जानंतर कागदपत्रांची छाननी होते, प्रमाणन संस्थेच्या कार्यालयाची तपासणी होते, आणि मग तिचे ऑडिटर कारखान्यात काम करत असताना अधिस्वीकृती संस्थेचा माणूस सोबत राहून ते पाहतो. व्यवसायात याला ‘विटनेस ऑडिट’ म्हणतात. सगळ्यात जास्त वेळ बहुधा इथेच जातो. त्यासाठी आधी ग्राहक कारखाना हवा. पण अधिस्वीकृती नसलेल्या संस्थेकडे ग्राहक सहसा फिरकत नाही. कारखाना मिळालाच तर त्याची संमती, कामगारांची भाषा जाणणारा तपासनीस, व्हिसा आणि हंगामी उत्पादनाचे दिवस यांचा मेळ घालावा लागतो. पुढे त्रुटी निघतात, त्यांची उत्तरे येतात, ती अपुरी ठरून परत जातात. निर्णय अकारण लांबवू नये, एवढीच सर्वसाधारण अपेक्षा असते. सर्वांना लागू होईल असा दिवसांचा आकडा नाही. म्हणून अर्जाच्या वेळी झालेला करार आणि अधिस्वीकृती संस्थेने स्वतःच जाहीर केलेल्या मुदती हाच तक्रारीचा खरा आधार असतो.

तक्रार आणि अपील यांत काटेकोर फरक केला जातो. अपील एखाद्या निर्णयाविरुद्ध असते: अर्ज फेटाळला, अधिस्वीकृती निलंबित केली, कक्षा कमी केली. विलंबात निर्णयच झालेला नसतो, त्यामुळे अपिलाचा दरवाजा बंद राहतो आणि तक्रार हीच वाट उरते. शिवाय ज्या संस्थेविरुद्ध तक्रार, तीच ती ऐकते. तक्रारदार तिला शुल्क देणारा असतो आणि त्याची फाईलही तिच्याच टेबलावर असते. यावर मानकाचा तोडगा असा, की तक्रारीवरील निर्णय त्या प्रकरणाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने घ्यावा किंवा तपासून मंजूर करावा. तक्रारीची पोच द्यावी, माहिती स्वतः गोळा करून पडताळावी आणि निष्कर्ष तक्रारदाराला रीतसर कळवावा, असेही बंधन आहे. छोट्या संस्थेत मात्र प्रकरणाशी संबंध नसलेला माणूस शोधणे कागदावर वाटते तितके सोपे नसते.

अशा तपासात तारखांचा तक्ता निर्णायक ठरतो: कोणते पत्र कधी गेले, उत्तर कधी आले, फाईल कोणाकडे किती दिवस पडून होती. तो नीट मांडला की दोष बहुधा दोन्हीकडे वाटला जातो. तक्रार खरी ठरली तर कारण लेखी सांगणे, पुढच्या टप्प्याची तारीख देणे, तपासनीस बदलणे किंवा वाढवणे आणि कार्यपद्धती दुरुस्त करणे, एवढेच उपाय असतात. थेट अधिस्वीकृती देऊन टाकणे हा उपाय नाही. तक्रारीचा दबाव आला म्हणून एखादा टप्पा गाळला, तर तपासणीच निरर्थक होते.

घाईची किंमत काय असू शकते, याचे उदाहरण म्हणून कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याचे नाव घेतले जाते. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तेथे लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच इटलीच्या रिना या अधिस्वीकृत संस्थेने कारखान्याला ‘एसए ८०००’ प्रमाणपत्र दिले होते. तिथे प्रश्न अधिस्वीकृतीतील विलंबाचा नव्हता, प्रमाणनाच्या दर्जाचा होता. तरीही विलंबाची तक्रार ऐकणाऱ्याच्या मनातून ते प्रकरण जाणे कठीण आहे, आणि जाऊही नये. मात्र त्याचा आधार घेऊन पत्रांना उत्तरच न देणे हा निव्वळ आळस होय. सखोल तपासणीला लागणारा वेळ समर्थनीय असतो. पत्र पडून राहिल्याने गेलेला वेळ नसतो.

नूतनीकरणातील विलंब पहिल्या अर्जापेक्षा अधिक झोंबतो, कारण संस्थेने आधीच दिलेली प्रमाणपत्रे त्यावर टांगलेली असतात. तिरुपूर किंवा सोलापूरच्या निर्यातदाराला परदेशी खरेदीदाराने प्रमाणपत्र मागितले, तर वरच्या कार्यालयातील दिरंगाईशी त्याचा काही संबंध नसतानाही ऑर्डर त्याचीच अडते. अधिस्वीकृतीचे चक्र १७०११ नुसार पाच वर्षांपेक्षा मोठे नसावे, त्यामुळे फेरतपासणीची मुदत दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असते. अशा प्रकरणांत ‘अचानक’ हा शब्द कोणाच्याच बचावाला येत नाही.