होंग बोक-वॉन : फितुराची दोन चरित्रं

मंडळी, आज आपण ज्या माणसाकडे वळतोय, त्याला कोरियात फितूर म्हणतात. होंग बोक-वॉन.

१२३१ साली मंगोल सेनापती सारताय यालू नदी ओलांडून गोर्यो राज्यात शिरला. वायव्य सरहद्दीवरचा हा अधिकारी त्याला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी खरी सत्ता हाती असलेल्या चोए उने राजासकट दरबार कांगह्वा बेटावर हलवला. मधे समुद्र, म्हणजे दरबार सुरक्षित. पण रयतेचं काय? तिने डोंगरी किल्ले नाहीतर बेटं गाठायची!

१२३३ मध्ये होंगने प्योंगयांगला बंड केलं. ते मोडलं. साथीदार मारला गेला, वडील आणि भाऊ पकडले गेले आणि हा मंगोलांकडे पळाला. त्यांनी त्याला ल्याओयांग भागातल्या कोरियन लोकांवर नेमलं. पुढच्या स्वाऱ्यांत तो मंगोलांबरोबर आला.

शेवट कसा झाला? गोर्यो राजघराण्यातून ओलीस आलेल्या वांग जुनशी त्याचं बिनसलं. वांग जुनची बायको मंगोल राजघराण्यातली. तिने तक्रार केली आणि १२५८ मध्ये होंग मारला गेला. तरी मुलगा दा-गु मंगोलांच्याच चाकरीत राहिला. जपानवरच्या १२७४ आणि १२८१ च्या स्वाऱ्यांत तो सेनानी होता.

गोर्योच्या इतिहासग्रंथात होंगचं चरित्र बंडखोरांच्या भागात आहे, तर युआन घराण्याच्या इतिहासात मानाने दिलेलं आहे. दोन्ही दरबारी लेखणीची. त्याने फितुरी केली, हे खरंच. पण बेटावर गेलेल्या दरबाराने सरहद्दीवरच्या माणसांना काय दिलं, हेही आपण विचारायला हवं.